येसाक्का आणि गावाचं पेव

फार वर्षांपूर्वी सीना नदीच्या काठी, निंबारी गावात, येसाक्का नावाची बाई राहत होती. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. निंबारीतला प्रत्येक म्हातारा सांगतो की माझ्या पणज्यानं तिला पाहिलं होतं. सगळ्यांचे पणजे खरे धरले तर येसाक्का तीनशे वर्षं जगली असेल.

एका दुष्काळात तिचा नवरा गेला आणि मागोमाग तिची पाच वर्षांची लेक तानी गेली. घरात चार दिवस चूल पेटली नव्हती. मागायची लाज वाटली म्हणून येसाक्का कुणाच्या दारी गेली नाही, आणि तिच्या दारीही कुणी आलं नाही. गावाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवशी अख्खं गाव रडलं, असं म्हणतात.

पुढं पाऊस झाला, ज्वारी पिकली, तेव्हा गावानं एक पेव खणलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. आत खोलीएवढी जागा, आणि वर एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. सुगीत घरटी एक पाटी ज्वारी त्यात टाकायची आणि कुणाची चूल थंड पडली तरच काढायची, असं ठरलं. राखण येसाक्काकडं आली. ती रोज सकाळी टेकाडावर उभी राहून कुठल्या छपरातून धूर निघत नाही ते बघायची. असं घर दिसलं की पदराखाली ज्वारी झाकून न्यायची, "एवढी दळून द्या गं मला" म्हणून जात्यापाशी ठेवायची, आणि पीठ न्यायला परत म्हणून यायची नाही.

मल्हारजी पाटील गावचा कारभार बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण शेजारच्या गावानं दगडी वेस बांधली आणि त्याची झोप उडाली. हत्ती अंबारीसकट जाईल अशी वेस आपल्या गावाला हवी, असं त्यानं मनावर घेतलं. निंबारीत हत्ती कधी आला नव्हता, आणि यायचं त्याला काही कारणही नव्हतं. पाथरवटांना मजुरी म्हणून ज्वारी द्यायची होती, आणि ज्वारी होती पेवात.

"येसाक्का, पेव गावाचं, वेसबी गावाचीच," पाटील म्हणाला. "मग अडतंय कुठं?"

येसाक्का म्हणाली, "पाटील, लोकांनी पाटी टाकली ती भुकेसाठी म्हणून टाकली. तुमाला येशीला पायजे आसंल तर दारोदार जाऊन इचारा. ज्येनं टाकली त्येनं व्हय म्हणू द्या."

"पाटलानं दारोदार हिंडायचं?"

"मी हिंडतीच की."

पाटलाला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, येसाक्का कुणाच्या तरी घरी गेलेली बघून त्यानं पेवावरची शिळा बाजूला करायला लावली. आता, पेव उघडायची एक रीत असते. बंद पेवात वाईट हवा कोंडते, म्हणून तोंड उघडून दिवसभर थांबायचं आणि मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. पाटलाचा दिवा विझला. गडी मागं सरले, पण कुणाचं तोंड उघडलं नाही. पाटलाला तर येसाक्का यायच्या आत काम उरकायचं होतं. "वाऱ्यानं विझला," असं म्हणून तो स्वतःच उतरला. दुसऱ्याला पुढं ढकललं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. वरून हाका मारल्या, पण आतून ओ आली नाही.

येसाक्का धावत आली. ज्वारी न्यायला आलेला माणूस असला, तरी तोही कुणाच्या तरी घरचा होता. तिनं कमरेला दोर बांधला, दुसरा दिवा घेतला आणि ती उतरली. तो दिवा विझला नाही, असं म्हणतात. एक भाकरी भाजून होईल इतका वेळ ती आत होती. पाटलाच्या काखेत दोर अडकवून तिनं आधी त्याला वर पाठवलं, मग ती आली. इतका वेळ जीव कसा तगला, असं बायांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खाली माझी तानी व्हती. तिनं तिचा श्वास मला दिला."

पाटील शुद्धीवर आला तो रडतच. सगळ्यांसमोर त्यानं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. "आक्का, आजपासून गाव तुझं. किती पाट्या घ्यायच्या, कुठं लावायच्या, तूच ठरव. तुला कुणीबी काय इचारायचं न्हाई." लोकांनीही माना डोलावल्या.

पेवात उतरताना घाबरली नव्हती तेवढी येसाक्का आता घाबरली. कारण तिच्याही मनात एक गोष्ट होती. नदीकाठी तानीच्या नावानं एक लहानसं देऊळ असावं, असं तिला फार वाटायचं. एक शब्द टाकला असता तर गावानं त्याच आठवड्यात बांधून दिलं असतं, आणि ते पेवातल्याच ज्वारीवर बांधलं गेलं असतं.

तिनं पागोटं उचलून पाटलाच्या डोक्यावर ठेवलं. "नगं," ती म्हणाली. "तुमाला कुणी इचारलं न्हाई म्हणून तर तुमी खाली पडला. मला इचारा. रोज इचारा."

पेव तोंडापर्यंत भरलं की पुढची ज्वारी ठेवून घ्यायची नाही, असंही तिनं त्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घेतलं. पुढच्या सुगीत अमाप पिकलं, आणि येसाक्का उरलेली ज्वारी ओंजळीनं घरोघर परत देत हिंडली. त्या वर्षी पाटीलही दारोदार हिंडला. कुणी वेशीसाठी पाटी दिली, कुणी दोन दिवस अंगमेहनत केली, कुणी सरळ नाही म्हणालं. जमलं तेवढ्यात वेस झाली. कडब्याची गाडी अजून तिच्यात अडकते आणि निंबारीकर हसत हसत पेंढ्या उतरवतात. तानीचं देऊळ मात्र झालं नाही.

पेव आता बुजलंय. पण दर वर्षी जत्रेच्या वर्गणीतून जे उरतं त्याची ज्वारी घेऊन सरपंच घरोघर जातो. तिला येसाक्काची ओंजळ म्हणतात. रीत अशी, की घरच्या बाईनं एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय सरपंचानं ओंजळ रिकामी करायची नाही. बाया टाकीचं विचारतात, रस्त्याचं विचारतात. हात भरलेले असल्यामुळे सरपंचाला खिशातला मोबाइलसुद्धा घेता येत नाही.

गेल्या वर्षी खालच्या आळीत नुकतीच लग्न होऊन आलेली सोनल पदर पसरून उभी राहिली, पण लाजेनं तिच्या तोंडून शब्द फुटेना. सासू आतून खुणा करत होती. उन्हात सरपंचाचे हात अवघडले, तरी तो थांबला. शेवटी सोनलनं मान वर केली.

"दादा, मागच्या घरातल्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत. त्यांच्याकडं कोण बघतं?"

"बघून येतो, ताई," सरपंच म्हणाला, आणि भरलेली ओंजळ तशीच धरून मागच्या घराकडं गेला.