आनशीच्या मुठीतला गोफ

एकदा काय झालं, बरं का, वसंत ऋतू एका गावात अडकून बसला. पुढे सरकेचना! कुणी अडकवला म्हणता? एका पोरीने. तिचं नाव आनशी.

गाव होतं खाडीकाठी. तिथे शिमग्याला गोफ नाचायचे. देवळापुढे सुपारीचा उंच खांब उभा करायचे. त्याच्या टोकाला रंगीत दोऱ्या बांधायचे. लाल, पिवळी, हिरवी, निळी. प्रत्येकाच्या हातात एक दोरी. मग ढोल वाजला की याच्या पुढून, त्याच्या मागून, असे नाचत नाचत फिरायचे आणि वरून खाली सुरेख वेणी विणली जायची. तोच गोफ. त्या वेणीत वसंत येऊन बसायचा. मग उलट्या पावलांनी नाचून सगळे गोफ उलगडायचे आणि वसंत मोकळा होऊन पुढे जायचा. नियम एकच. जितक्या हातांनी विणला, तितक्याच हातांनी उलगडायचा.

आनशीला आई नव्हती, वडील नव्हते. होता तो एक मोठा भाऊ, बुधाजी. तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. घालायचा कसला, नुसती वाकडी! पण आनशीला तीच आवडायची.

त्या वर्षी काय झालं, गोफ नुकता विणून झाला होता आणि बंदरावर शंख वाजला. गलबत निघालं होतं. वसंतात वारा दक्षिणेकडे वाहतो, त्या वाऱ्यावर गलबतं जातात. ऊन तापलं की वारा फिरतो आणि त्याच वाऱ्यावर ती घरी येतात. बुधाजीला कधीपासून दर्यावर जायचं होतं. त्याने आपली लाल दोरी बहिणीच्या हातात कोंबली.

"आनशे, जरा धर गो. आत्ता येतंय," म्हणाला, आणि पळाला.

तो गेला तो गेलाच.

गावाचा मानकरी होता म्हातारा भिवा गावकर. तो म्हणाला, "पोरी, ती दोरी दुसऱ्या कोणाकडे दे. गोफ सोडूया."

आनशीने मूठ घट्ट केली. "नाय! ही माझ्या दादाची जागा. त्याच्याशिवाय गोफ सुटलो, तर त्याची जागाच उरूची नाय. मग तो येतलो खंय?"

आणि ती खांबाला टेकून बसली. एका मुठीत तिची पिवळी दोरी, दुसऱ्या मुठीत भावाची लाल. लोकांनी समजावलं, रागावले, पेज आणून भरवली. पोर काही हलली नाही. दादाने त्या सकाळी घातलेली वाकडी वेणीसुद्धा तिने सोडली नाही.

मग वसंत राहिला तिथेच. आधी लोकांना कोण आनंद! पळस फुललेलेच, वारा गारच, मोहराचा वास दरवळलेलाच. पण पुढे? मोहराची कैरी होईना. फणस धरेना. ऊन तापेना, म्हणून मिठागरात मीठ पिकेना. नुसती फुलं खाऊन कुणाचं पोट भरतं का रे? डब्यांचे तळ दिसायला लागले.

मग एकदा देवळामागचा आंबा बोलला. "आनशे, मोहर धरून धरून माझ्या फांद्या दुखतात. सोड गो गोफ."

आनशीला वाईट वाटलं. पण ती म्हणाली, "दादा येईपर्यंत थांब."

मग मिठागर बोललं. "आनशे, माझ्या अंगात नुसतं पाणी भरलंय. ऊन येऊ दे. सोड गो गोफ."

आनशीला रडू आलं. पण ती म्हणाली, "दादा येईपर्यंत थांब." आणि मुठी आणखी आवळल्या. बोटं पांढरीफटक पडली. दादाची आठवण इतकी यायची, इतकी यायची, की तिला वाटायचं, ही दोरी ओढली तर पलीकडून तोच ओढला जाईल. म्हणून ती ओढायची. आणि गोफ आणखी घट्ट व्हायचा.

मग आली कोकिळा. बिचारी गाऊन गाऊन बेजार. चोचीतून नुसती खरखर. "अगो आनशे, माझो घसो बसलो गो! आणि तुका एक सांगू? तुझ्या भावाक मी बघलंय. दक्षिणेच्या बंदरात शीड उभारून बसलो हा. रोज इकडे तोंड करून बघता. पण वारो फिरात तेव्हा तो येतलो ना? तू वसंताक धरून ठेवलंस, मग वारो फिरतलो कसो?"

आनशीने आपल्या मुठींकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण दादाला धरून ठेवलंय. आणि तिनेच त्याची वाट अडवली होती.

ती उठली. दोऱ्या धरूनच तिने भिवा गावकराला जवळ बोलावलं. लाल दोरी त्याच्या हातात द्यायची होती, तर मूठ उघडेना! एकेक बोट सोडवावं लागलं. केवढं जड गेलं असेल बाई तिला!

"आजोबा, माझ्या दादाच्या जागी नाचशात?"

"ढोपरात जीव नाय गो," म्हातारा म्हणाला, "पण नाचतंय मी."

ढोल वाजला. उलट्या पावलांनी सगळे निघाले. भिवा गावकर तर असा नाचला, असा नाचला, की धोतर सावरता सावरता पुरेवाट! एकेक वेढा सुटला. आनशी रडत होती आणि नाचत होती. शेवटचा वेढा सुटला, आणि सगळ्या दोऱ्या भुर्रकन उडाल्या. कुठल्या दिशेला? उत्तरेला! वारा फिरला होता.

मग मोहर गळला, कैऱ्या धरल्या. मिठागरात मीठ चमकलं. कोकिळेने चोच मिटली आणि ढाराढूर झोपली. आणि आंबे पाडाला लागले तेव्हा खाडीत एक शीड दिसलं.

बुधाजी धावत देवळापाशी आला. "आनशे, मी इलंय गो!"

आनशी कंबरेवर हात ठेवून उभी. "दादा, तुझा तो 'जरा' केवढा रे?" म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मग दादाने तिची ती जुनी वेणी सोडली, केस विंचरले आणि नवी घातली. तीही वाकडीच!

तेव्हापासून त्या गावात कुणी परगावी निघालं, की माणसं त्याला 'जाऊ नको' म्हणत नाहीत. म्हणतात, "जा हो, गोफ सोडलाय." म्हणजे, सुखाने जा आणि सुखाने ये.

तशी सगळी तिथे आंबे खात सुखाने राहिली. तुमचे बाबाही येतील हं बोटीवरून, वारा फिरला की. आता माझा पदर सोडा बघू. किती घट्ट धरलाय! मुठी सैल करा, डोळे मिटा. रात्रीला जाऊ द्या, म्हणजे सकाळ येईल.