देवघरातली ढेप

एकदा एका वृद्ध वैद्याच्या ओसरीवर एक गूळव्यापारी आला. त्याच्या एका हातात तराजू होता आणि दुसऱ्या हातात तांबड्या वस्त्रात बांधलेले जड गाठोडे. मागोमाग त्याची पत्नी सगुणा दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन पायऱ्या चढली.

वैद्यांचा तरुण शिष्य त्या वेळी हिरडे निवडीत बसला होता. तो बुद्धिमान होता, परंतु त्याच्या बुद्धीचा पुष्कळसा भाग संशय घेण्यातच खर्च होई. एखादा रोगी बरा होऊन आभार मानू लागला, की हा मनात म्हणे, मुळात हा आजारी होता कशावरून? तराजू घेऊन वैद्याकडे येणारा मनुष्य पाहताच त्याने हातातला हिरडा खाली ठेवला.

"वैद्यराज, मूल वाढत नाही," व्यापारी म्हणाला, "आणि हे मी डोळ्यांच्या अंदाजाने सांगत नाही, तोलून सांगतो."

त्याने गाठोडे सोडले. आत गुळाची ढेप होती. चैत्रात मुलाचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हा नवसाप्रमाणे देवीपुढे त्याची गूळतुला झाली होती. तुलेचा गूळ वाटून टाकावयाचा असतो. परंतु व्यापाऱ्याने तेवढ्याच भाराचा दुसरा गूळ वाटला आणि ज्या ढेपेने लेकराची बरोबरी केली, ती देवघरात जपून ठेवली. तेव्हापासून दर पौर्णिमेला तो एका पारड्यात ढेप ठेवी आणि दुसऱ्यात मूल बसवी.

"वैशाखात मुलाचे पारडे झोकात खाली गेले. ज्येष्ठातही गेले. आषाढात ते वर येऊ लागले आणि काल, श्रावणी पौर्णिमेला, दोन्ही पारडी समान! म्हणजे चैत्रात होते तेवढेच मूल आज आहे. मधले महिने गेले कुठे?"

"माझ्याकडे पाहून विचारू नका," सगुणा म्हणाली. "मी ते पदरात बांधून ठेवलेले नाहीत."

"हिचे दूध पांचट झाले आहे," व्यापारी वैद्यांकडे वळून म्हणाला. "श्रावणात ही चोरून उपास करते, असा मला दाट संशय आहे. पुढच्या आठवड्यात हिला माहेरी धाडतो. बाळाचे अंगावरचे तोडले, की गायीच्या दुधावर बघा कसे बाळसे धरते! गाडी सांगून ठेवली आहे. तुम्ही फक्त गायीच्या दुधातून द्यावयाचे चूर्ण द्या."

सगुणेने मुलाला अधिकच घट्ट धरले. "उपास मी उघड करते, आणि फराळ त्याहून उघड. तुम्हीच म्हणता ना, साबुदाणा फार लागतो म्हणून?"

शिष्याने तिच्याकडे बारकाईने पाहिले. फार तत्परतेने उत्तर देते, म्हणजे काहीतरी लपवीत असणार, असे त्याला वाटले. मग त्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. तराजू याचा, ढेप याची, तोलणाराही हाच. तेव्हा खोटही याच्याकडेच असावी. दोघांपैकी कोणावर संशय घ्यावा, हे त्याला ठरविता येईना, म्हणून त्याने दोघांवरही घेतला.

वृद्ध वैद्य मात्र मुलाकडे पाहत होते. कडेवरून खाली सोडताच त्याने ओसरीवरचा पाट ओढला, त्यावर चढून खलातला बत्ता उचलण्याचा प्रयत्न केला आणि तो उचलत नाही असे कळल्यावर हिरड्यांचे सूप उलटे केले.

"जेवतो काय?" वैद्यांनी विचारले.

"वरणभात, भाकरीचा कुस्करा, केळे," सगुणा म्हणाली. "शेजारणीकडे गेला, की तिच्याही ताटातले खातो. आणि वर अंगावर पितो. पितो तेव्हा गिळताना ऐकू येते, बाबा. मी खोटे बोलत नाही."

वैद्यांनी मुलाचे डोळे, जीभ, नखे पाहिली. पोटावरून हात फिरवला. चैत्रातले झबले आता घालता येते का, असे विचारले. "कुठले! बाह्या कोपरापर्यंत येतात," ती म्हणाली. मग त्यांनी ढेप उचलून तिच्यावरून बोट फिरविले आणि म्हणाले, "ठीक आहे. मुलाला घरी न्या. ढेप इथे राहू द्या. पुढच्या पौर्णिमेला तराजू घेऊन या."

व्यापारी गोंधळला. "वैद्यराज, आजारी कोण आहे?"

"तेच पाहावयाचे आहे. तोवर गाडी थांबवा आणि बाळाचे अंगावरचे तोडू नका. पौर्णिमेनंतर जे योग्य वाटेल, ते करा."

मंडळी गेल्यावर वैद्यांनी शिष्याला सांगितले, "ही ढेप भट्टीच्या खोलीतल्या फळीवर ठेव. रोज कूस बदलीत जा. मुंग्या लागू देऊ नकोस."

शिष्याने आज्ञा पाळली, परंतु त्याचे मन स्वस्थ बसेना. गुरुजींना गोड आवडते, हे त्याला ठाऊक होते. जेवणानंतर ते गुळाचा खडा मागून घेत. मूल परत पाठविले आणि गूळ ठेवून घेतला, ही चिकित्सा कोणत्या ग्रंथातली? त्याच दुपारी गुरुजी विश्रांती घेत असताना त्याने औषधांच्या मोठ्या तराजूत ढेप ठेवली, समोर नदीतले गोटे टाकून पारडी समान केली आणि ते गोटे पोत्यात घालून आपल्या अंथरुणाखाली दडविले.

काही दिवसांनी त्याने पुन्हा तोलले. ढेप हलकी झाली होती.

त्याने तिच्यावर दातांच्या खुणा शोधल्या, मिळाल्या नाहीत. सुरीचा काप शोधला, नव्हता. मुंगी तर भट्टीच्या उष्णतेत फिरकतही नव्हती. त्याने ढेपेभोवती सुताचा दोरा गुंडाळून स्वतःची गाठ मारली. गाठ जशीच्या तशी राहिली, दोरा मात्र सैल झाला आणि ढेप आणखी घटली. गुरुजी इतक्या सफाईने खातात तरी कसे? जेवणानंतर गुरुजींनी गुळाचा खडा मागितला, की शिष्य आता त्यांच्या मुखाकडे पाहत राही.

भाद्रपदी पौर्णिमेला व्यापारी आला. सगुणाही आली, पण या वेळी तिने कपड्यांची वळकटी बरोबर आणली होती आणि रस्त्यावर बैलगाडी उभी होती. निकाल प्रतिकूल लागला, तर इथूनच परस्पर माहेरी जावयाचे, असे नवऱ्याने बजावले होते. तिचे डोळे रडून सुजले होते.

तराजू टांगला गेला. एका पारड्यात ढेप, दुसऱ्यात मूल. मुलाचे पारडे धाडकन जमिनीला टेकले.

"वाढला!" व्यापारी ओरडला. "एका महिन्यात एवढा! वैद्यराज, औषध कोणते दिलेत? आणि कधी दिलेत?"

आता शिष्याला राहवेना. "औषध कसले?" तो म्हणाला. "मूल वाढलेले नाही, ढेप घटली आहे! मी स्वतः तोलून पाहिली आहे. इथे आली तेव्हा ती बरीच जड होती."

वैद्यांनी विचारले, "मग ती कोणी खाल्ली, असे तुला वाटते?"

शिष्याची नजर नकळत गुरुजींच्या मुखाकडे गेली.

सगुणा त्याही स्थितीत हसली. "सांगा की! मला वाटत होते, घरच्या माणसावर पाळत ठेवण्याची रीत आमच्याच घरी आहे."

वैद्य म्हणाले, "शिष्य खरे बोलतो आहे. ढेप घटली, परंतु ती कोणी खाल्ली नाही. शेटजी, पावसाळ्यात तुमच्या वखारीतल्या गुळाचे काय होते?"

"हवेतले पाणी ओढतो. भार वाढतो. म्हणून तर आम्ही आषाढात..." व्यापारी मध्येच थांबला. त्याची दृष्टी ढेपेवर खिळली. "पण ही देवघरातली आहे! हा प्रसाद आहे."

"प्रसाद झाला म्हणून त्याने गूळपण सोडले नाही. उन्हाळ्यात ती सुकली, तेव्हा तुम्हाला मूल झपाट्याने वाढताना दिसले. पावसाळ्यात तिने पाणी ओढले. मूल वाढतच होते. ढेपही त्याच्याबरोबर जड होत गेली. महिनाभर ती भट्टीच्या उबेत सुकली, आणि आज मूल एकाएकी वाढलेले दिसते. आजचा आनंदही तितकाच फसवा आहे. दुसऱ्या वर्षी मूल पहिल्या वर्षाच्या वेगाने वाढत नसते. चालू लागलेले मूल सडपातळही होते. ते निस्तेज असते, जेवत नसते, खेळत नसते, तर मीच तुम्हाला थांबू दिले नसते. तुम्ही पत्नीच्या दुधावर संशय घेतला, तिच्या उपासांवर घेतला, तिच्या शब्दावर घेतला. या माझ्या शिष्याने तुमच्यावर घेतला, तिच्यावर घेतला, शेवटी माझ्यावर घेतला. संशय घेणे वाईट नाही. वैद्याला तो घ्यावाच लागतो. परंतु तुम्ही दोघांनीही तो केवळ माणसांवर घेतला. ज्याने मोजता, त्या मापावर एकदाही घेतला नाही."

व्यापाऱ्याने ढेप उचलून तिच्यावरून बोट फिरविले. सारे आयुष्य ज्याने गूळ पारखण्यात घालविले, त्याला आपल्याच घरातला गूळ ओळखता आला नव्हता.

एवढ्यात मूल पारड्यातून उतरून आईकडे धावले आणि तिचा पदर ओढू लागले. तिने सवयीने नवऱ्याकडे पाहिले. गेल्या महिन्यात मुलाला जवळ घेताना ती प्रत्येक वेळी तशीच पाहत होती, हे त्याच्या आज प्रथम ध्यानात आले.

"माझ्याकडे काय पाहतेस?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "भूक त्याला लागली आहे."

तो उठला, रस्त्यावर गेला आणि गाडीवानाला म्हणाला, "बैल सोड. माहेरी कोणी जात नाही."

आत सगुणा भिंतीकडे तोंड करून मुलाला पाजीत होती. ओसरी इतकी शांत होती, की गिळण्याचा आवाज शिष्यालाही स्पष्ट ऐकू आला.