नऊपैकी नऊ

"पण लिहू काय तिला, बाई?" सुवार्तानं तिसऱ्यांदा विचारलं.

शलोमीबाई वृद्धाश्रमाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. चाळीस वर्षं इस्पितळात मेट्रन, आता हा आश्रम सांभाळत. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी इंजेक्शन द्यायला शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला टोचलं.

सुवार्ता त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. असं सुवार्ताच सांगायची. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी नऊ घेऊन ती विलायतेला नर्स म्हणून गेली. उच्चार असे धुतलेले, की घरचेसुद्धा फोनवर जपूनच बोलत.

तिथं उत्तरेकडच्या एका गावात म्हातारा आर्थर तिच्या वॉर्डात वारला. कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला माणूस. लेक परदेशातून वेळेवर पोचली नाही. आता सुवार्ता सुट्टीवर घरी आली होती, आणि त्या लेकीचं पत्र सोबत होतं : तुम्ही जवळ होतात. बाबा शेवटी काय म्हणाले?

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"कोण जाणे! ते काय इंग्रजी आहे, बाई? निम्मे शब्द गिळतात, निम्मे नाकातून सोडतात. परीक्षेत असं कुणी बोललंच नाही."

"परीक्षकाला मरायचं नव्हतं ना."

सुवार्तानं पत्र पुन्हा उलगडलं.

"दुपारभर बोलत होता. माझा हात धरून."

"आणि तू?"

"यस म्हणत होते. हसून." तिनं पत्राची घडी केली. "लिहिते आपलं, तुमचीच आठवण काढत होते म्हणून. कुणाला कळणार आहे?"

बाई उठल्या. तिला आत घेऊन गेल्या.

खाटेवर रेलकी होती. सातपुड्यातल्या पाड्यावरची म्हातारी, सकाळीच आणून ठेवलेली. तिची पावरी बोली आश्रमात कुणालाच येत नव्हती. सुवार्ताला बघताच ती बोलायला लागली. भरभर, डोळे मोठे करून.

"हो आजी, हो हो…" सुवार्ता गोड हसली.

रेलकी थांबली. तिच्याकडे नीट बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

बाई वाकल्या. "नाही कळलं गं, रेलकी. परत सांग."

रेलकी वळली. परत सांगितलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. रेलकी चिडली, अजून मोठ्यानं बोलली. बाईंनी पुन्हा मान हलवली.

तेव्हा रेलकीनं बाईंचा हात ओढला आणि लुगड्याखाली, आपल्या पोटावर दाबून धरला.

पोट दगडासारखं घट्ट झालं होतं.

"डॉक्टरांना फोन लाव," बाई म्हणाल्या. सुवार्तानं लावला.

मग ती दारातच उभी राहिली.

"बाई… आर्थरनं पण भिंतीकडे तोंड केलं होतं."

"केव्हा?"

"तीनला. पाचला गेला."

"मधे काही बोलला?"

"नाही…"

बाईंचा हात रेलकीच्या पोटावरच होता.

"मग शेवटचा शब्द तुझा. यस. तोच लिही."