अनसाबाईचा हौद

या, सावलीला बसा. समोर जो दगडी हौद दिसतो, तो आमच्या पानवाडीच्या जुन्या थांब्याचा. रूळ कधीच उखडून नेले, फलाटावर बाभळी माजल्या. हौदाला मात्र कुणी हात लावला नाही. आणि या गावात पाणी मागणाऱ्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. त्याचं कारण या हौदाशीच जोडलेलं आहे.

पूर्वी इथं गाव नव्हतं, असे सांगतात. बरड जमीन, आणि तीत अनसाबाई नावाच्या विधवेची विहीर. जात बारी, म्हणजे पानमळेवाली. तिनं एकटीनं नागवेलीचा मळा उभा केला होता. मग छोटी रेल्वे आली. पुढचा चढ चढण्याआधी इंजिनाला पाणी लागे, आणि जवळपास पाणी फक्त तिच्याकडे. ड्रायव्हर रहीमबक्ष पाणी मागायला आला, तेव्हा त्यानं जोडे मळ्याबाहेर काढले. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, हे परक्या माणसाला ठाऊक होतं, एवढ्यावरच म्हणे तिनं होकार दिला. गाडीनं इथं थांबावं आणि पानांच्या करंड्या न्याव्यात, ही तिची अट.

इंजिनासाठी हा हौद बांधला, आणि तेव्हापासून रोज सांजेला तो इंजिनाच्या खिडकीतून विचारी, “ताई, पाणी हाये का?”

ती म्हणे, “हाये, घे भाऊ.”

पानं ताजी शहरात पोचू लागली. बारी कुटुंबं येऊन वसली. मळे वाढले, शाळा झाली, बाजार भरू लागला. इंजिनाला पाणी आणि ड्रायव्हरला विडा दिल्याशिवाय गाडी हलत नाही, असं लोक हसून म्हणत.

मग पावसानं पाठ फिरवली. बाकीच्या विहिरी आटल्या, अनसाबाईच्या विहिरीत थोडं उरलं. वेल एकदा जळाली की पुन्हा उभी करायला वर्षं जातात. लोक तिच्या दाराशी जमले. सुखदेव येऊल त्यांच्यातला मोठा. तो म्हणाला, “मावशी, लोखंडाला पाजतेस अन् आमच्या वेली जाळतेस?”

शब्द दिलाय, एवढंच ती म्हणत राहिली. पण त्या घरांतली निम्मी लेकरं तिच्याच हातांनी जगात आलेली. तिला त्यांच्या आयांकडे बघवेना. आजच्या दिवस, असं म्हणून तिनं मोटेचं पाणी मळ्यांकडे वळवलं.

सांजेला गाडी आली. रहीमबक्षानं रोजचं विचारलं. ती म्हणाली, “नाही.”

मळ्याकडे जाणारा पाट अजून ओला होता. त्याला तो दिसला, असे सांगतात. तो रागावला नाही. “बरं, ताई,” म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. वर चढावर इंजिन कोरडं पडलं आणि फुटलं. रहीमबक्ष परत आला नाही.

त्या साली वेली वाचल्या. पानं तर अशी आली, की कुणी तसली पाहिली नव्हती. करंड्या भरून फलाटावर ठेवल्या. पण रेल्वेनं पाण्याची सोय दुसरीकडे केली होती. गाडी आली, न थांबता गेली. पानं तिथंच काळी पडून कुजली. पुढं पाऊस झाला, विहीर काठोकाठ भरली, तरी गाडी थांबली नाही. एकेक घर उठलं. शाळा मिटली, बाजार मोडला.

अनसाबाई गेली नाही. मरेपर्यंत ती सांजेला हौदात घागर ओतून चढाकडे बघत बसे.

आता इथं आम्ही थोडी म्हातारी माणसं उरलोय. आजही दिवस मावळताना कुणीतरी अनवाणी येऊन हौद भरतं. सकाळी तो कोरडा असतो. गुरं पीत असतील म्हणाल, तर गावात गुरं राहिली नाहीत. दगडाला चीर असेल म्हणाल, तर हात फिरवून बघा.

सांज होतेच आहे. तुम्ही उतरणीला लागाल, तेव्हा मागून कुणी पाण्याचं विचारेल. वळून पाहू नका, भिऊही नका. ‘हाये, घे भाऊ,’ एवढं म्हणा, आणि चालू लागा.