रिकाम्या वाटीची कहाणी

हातात अक्षता घ्या, ग बायांनो. कुणी कुकर लावून आल्या असाल तर आधी बंद करून या, मग मधेच उठायचं नाही. परसाईची कहाणी अर्धी ऐकली तर दोडका अर्धाच वाढतो, असं माझी सासू म्हणायची. खरं-खोटं परसाईला ठाऊक. ऐका.

ऐक परसाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. घरं लहान होती, परसं मोठी होती. परसात आळं होतं, आळ्यात वेल होता, वेलाला मांडव होता. नगरात बायका परसाईचा वसा वसत. वसा काय होता? पहिलं फळ शेजारी, मधली फळं घरी, शेवटचं फळ वेलावरी. शेजारी दिलं म्हणजे शेजार टिकतो. घरी खाल्लं म्हणजे पोट भरतं. वेलावर ठेवलं म्हणजे बी राहतं. आणि शेजारची वाटी आली तर रिकामी परत धाडायची नाही. काही नसलं तर गुळाचा खडा घालायचा, तोही नसला तर तुळशीचं पान घालायचं, पण वाटीचा तळ दाखवायचा नाही. शेवंते, हसू नकोस. माझे दोन डबे अजून तुझ्याकडेच आहेत.

भाद्रपदात पंचमी आली म्हणजे विहिरीपाशी मोठा हंडा चढायचा. ज्याच्या परसात जे असेल ते तो आणायचा. कुणी अळू आणी, कुणी माठ आणी, कुणी भेंडी, कुणी पडवळ, कुणी लाल भोपळ्याची फोड. सगळं हातानं लावलेलं, हातानं वाढवलेलं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. तेल नाही, फोडणी नाही. मीठ, मिरची, चिंचेचा कोळ, ओलं खोबरं, झालं. सगळं नगर एका हंड्यातलं खाई आणि बोटं चाटी.

त्या नगरात मथुरा नावाची देशमुखीण होती. तिच्या सासूनं मरताना तिला वसा दिला, दोडक्याचं बी दिलं. मथुरेनं वसा वसला. मांडव दोडक्यांनी लवला, लेक आवडी मोठी झाली, चांगल्या घरी दिली. सगळं यथास्थित झालं. पण सुख अंगी लागलं की माणसाला खाज सुटते. मथुरा उतली. मथुरा मातली.

कशी मातली? तर नगरात एक व्यापारी आला. त्याच्याकडे पांढरी पूड होती, रंगीत बी होतं. तो म्हणाला, "बाई बाई, ही पूड मातीत घाल, हे बी लाव. वीतभर दोडका हातभर होईल. पावसाळा नको, हिवाळा नको, बारा महिने फळेल." मथुरेनं पूड घातली, बी लावलं. दोडका हातभर झाला. बघायला माणसं लोटली.

पहिल्या वर्षी पहिलं फळ शेजारी जायचं, ते मथुरेनं राजवाड्यात धाडलं. राजानं वाहवा केली. शेजारी ठकू राहायची. ठकू गरीब, घरात नवरा-बायको दोघंच, परस एवढंसं. तिनं वाट पाहिली, मग आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या वर्षी ठकूनं आपण होऊन चुक्याची भाजी केली, वाटीत घातली, मथुरेकडे धाडली. मथुरेनं भाजी घेतली, वाटी घासली, पुसली आणि रिकामीच परत धाडली. वर म्हणाली, "हिच्या टीचभर वाटीत आपलं काय मावणार?" ठकूनं वाटीत पाहिलं, डोळे पुसले, वाटी फळीवर पालथी घातली.

तिसऱ्या वर्षी वेलावर एकच फळ उरलं. बियाला राखायचं म्हणून दोरा बांधलेलं. घरी पाहुणे आले. मथुरेनं दोरा तोडला, फळ कापलं, भाजी केली. म्हणाली, "बी काय, व्यापारी देतोच की."

देशमुखिणीचं पाहून बाकीच्याही तसंच करू लागल्या. कुणी कुणाला देईना, कुणी कुणाचं घेईना. पंचमीचा हंडा विहिरीपाशी पालथा पडला. त्याच्याखाली एक कोंबडी अंड्यावर बसली. तेवढीच काय ती त्याला ऊब!

मग काय झालं? चौथ्या वर्षी व्यापारी आलाच नाही. मथुरेनं घरात पडलेल्या जुन्या दोडक्यांतलं बी काढलं, तर ते पोचट. पेरलं, उगवलं नाही. पुन्हा पेरलं, उगवलं नाही. माती उकरायला गेली, तर माती कौलासारखी टणक. एक गांडूळ म्हणून दिसेना.

अशात आषाढ लागला आणि आवडी माहेरी आली. पहिलटकरीण, पाचवा महिना. तोंडात घास घेई आणि ओकून टाकी. भात नको, भाकरी नको, दूध नको. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली. वैद्य आला, नाडी पाहिली, म्हणाला, "औषध नाही. हिला डोहाळा काय लागलाय तो पुरवा. पेजेवर किती दिवस निघतील? पोटातलं बाळ आणि पोरगी, दोन्ही जीव धोक्यात आहेत."

मथुरेनं विचारलं, "आवडे, काय खावंसं वाटतं?"

आवडी म्हणाली, "आई, दोडक्याची भाजी. लहानपणी खायचे ना, ती."

हात्तिच्या, एवढंच ना! मथुरेनं परगावच्या बाजारातून हातभर दोडका आणवला, भाजी केली. आवडीनं एक घास घेतला, म्हणाली, "ही नव्हे." राजवाड्यातून आचारी आणला, त्यानं केली. आवडी म्हणाली, "ही नव्हे." नणंदेच्या गावाहून मागवली. आवडीनं नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं, "आई, ही नव्हे ग, ही नव्हे." मथुरा परसात गेली, उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावून रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. हातात काठी, पायाला चिखल, डोक्यात पाचोळा. म्हणाली, "बाई, मूठभर भाजी दे."

मथुरा म्हणाली, "कुठून देऊ, आजी? परसात पान नाही."

"पान का नाही?"

"माती रुसली."

"माती का रुसली?"

मथुरा एकदम म्हणाली, "माझ्यामुळे. पहिलं फळ मी मिरवलं, शेवटचं फळ मी कापलं, आणि मधल्या वर्षी शेजारणीची वाटी रिकामी धाडली. माझी लेक सुकत चालली, आजी. मला शिक्षा करा, तिला नको."

म्हातारी म्हणाली, "शिक्षा द्यायला मी काय फौजदार आहे? ऊठ. पाचोळा आण, शेण आण, राख आण, मातीत कालव. हातानं उकर, बैल लावू नकोस, पूड घालू नकोस. आणि बी माग."

"कुणाकडे मागू?"

"जिची वाटी रिकामी धाडलीस तिच्याकडे. पुन्हा फळ विसरशील, वाटी विसरशील, बी विसरशील?"

मथुरा म्हणाली, "विसरणार नाही, विसरणार नाही, विसरणार नाही." मान वर करून पाहते, तर म्हातारी नाही. काठी टेकली होती तिथं ओल होती आणि ओलीत एक गांडूळ वळवळत होतं. मथुरेनं त्याला हात जोडले. गांडुळाला हात जोडणारी देशमुखीण नगरानं पहिल्यांदाच पाहिली!

मग मथुरा ठकूच्या दारी गेली. जन्मात कधी मागितलं नव्हतं, दाराची चौकट धरून उभी राहिली. ठकू भाकऱ्या थापत होती. तिनं पाहिलं, थापता हात थांबवला नाही. म्हणाली, "आज वाट कशी चुकलीस, देशमुखीणबाई?"

मथुरा म्हणाली, "दोडक्याचं बी मागायला आले."

ठकूचा हात थांबला. "वा ग वा! माझी वाटी तू घासून इतकी लख्ख धाडलीस की त्यात मला माझंच तोंड दिसलं. गूळ नको होता मला, मथुरे. गरिबाची वाटी रिकामी आली की वाटतं, आपलं केलेलं गोड लागलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, सांगून ठेवते."

मथुरा खाली मान घालून म्हणाली, "चुकले ग. भाजी गोड होती. सगळी मी एकटीनंच खाल्ली होती. मातले होते, म्हणून चुकले."

ठकू उठली, हात धुतले, राखेचं गाडगं काढलं. आत दोडक्याच्या पाच काळ्या बिया. म्हणाली, "तुझ्याच सासूनं दिलेल्या दोडक्याचं बी हे. बाकीचं उंदरांनी खाल्लं, एवढंच उरलं. वाटून घेतलं तर तुझाही वेल नाही नि माझाही नाही. सगळं ने." फळीवरची पालथी वाटी तिनं सुलटी केली, बिया तिच्यात घातल्या आणि हसली. "पहिलं फळ माझ्याकडंच यायचंय, मला काय काळजी?"

मथुरेनं माती कालवली, आळं केलं, बिया लावल्या. दोन उगवल्याच नाहीत. एक रोप गोगलगायीनं खाल्लं. एक शेळीनं खुडलं, शेळीला काय वसा ठाऊक? राहिला एक. मथुरा त्याच्यापाशी बसून राही. वेल मांडवावर चढला, श्रावणात फूल आलं, फुलामागं फळ धरलं. एकच फळ. आणि इकडं आवडी बाजेवरून उठेना.

दोडका वीतभर झाला. मथुरेनं तोडला, घरात आणला, विळीवर बसली. दोडका विळीच्या पात्याला लावला आणि हात अडला. पहिलं फळ शेजारी! मथुरा म्हणाली, "परसाई, फळ एकच, लेक उपाशी. आजच्या दिवस डोळे मीट ना ग. दुसरं फळ आलं की देईन."  समोर फळीवर ठकूची वाटी होती. मथुरेला ती पालथी दिसली, ठकू उपाशी निजलेली दिसली. तिनं विळी आडवी केली. दोडका वाटीत घातला. वाटी टीचभर, दोडका वीतभर, आडवा मावेना, म्हणून उभा धरला. आणि निघाली. दाराबाहेर पडेपर्यंत तीनदा मागं वळून पाहिलं लेकीकडे.

ठकूनं दोडका घेतला, मथुरेच्या तोंडाकडे पाहिलं. "आवडी कशी आहे ग?" मथुरा "बरी आहे" म्हणाली आणि पळतच घरी आली. चुलीपुढं बसून हमसाहमशी रडली. पोटच्या पोरीच्या तोंडचा घास आपल्या हातानं देऊन आले, आता तिला काय घालू?

दुपार व्हायच्या आत दारात ठकू उभी. हातात तीच वाटी, वर अळवाचं पान झाकलेलं. म्हणाली, "अग, वाटी रिकामी कशी आणू?" पान काढलं. आत दोडक्याची भाजी, मुगाची डाळ घातलेली, आणि कडेला शिरांची चटणी, तीळ घालून खमंग परतलेली.

वास आत गेला. बाजेवरून आवाज आला, "आई, हीच! हीच ती!" आवडी आपण होऊन उठून बसली. एक घास खाल्ला, पोटात राहिला. दुसरा खाल्ला, राहिला. तिसऱ्या घासाला तिनं भाकरी मागितली. मथुरेला मग आठवलं. लहानपणी पहिला दोडका दरवर्षी ठकूकडे जायचा आणि भाजी होऊन परत यायचा. लेक ज्या चवीसाठी झुरत होती, ती चव देशमुखांच्या चुलीवरची कधी नव्हतीच, ती शेजारची होती. मथुरेनं ठकूला मिठी मारली. दोघी रडल्या, दोघी हसल्या, आवडीनं तेवढ्यात वाटी चाटून पुसून ठेवली.

मग वेलाला दुसरं फळ आलं, तिसरं आलं, मांडव लवला. ही गोष्ट घरोघर झाली. बायकांनी पूड फेकली, माती कालवली. ठकूनं माठाचं बी दिलं, चुक्याचं दिलं, चवळीचं दिलं. वाट्या या दारातून त्या दारात जाऊ लागल्या. पंचमी आली. विहिरीपाशी कोंबडीला पिलांसकट उठवलं, हंडा घासला, सुलटा केला. कुणी माठ आणला, कुणी भेंडी आणली, मथुरेनं दोडके आणले. पहिला द्रोण ठकूला, दुसरा आवडीला, मग सगळ्या नगराला. मथुरेनं सगळ्यांच्या शेवटी खाल्लं, आणि तिला ते सगळ्यांत गोड लागलं.

आवडी सुखरूप बाळंत झाली. बाळसेदार मुलगी झाली, आणि आल्या आल्या असं रडली की विहिरीपाशी ऐकू गेलं. शेवटचा दोडका दोरा बांधून वेलावर राखला. तो वाळला, आत बी खुळखुळलं. मथुरेनं तोच बाळाच्या पाळण्यावर खुळखुळा म्हणून बांधला. पुढच्या आषाढात फोडला, अर्धं बी ठकूला दिलं, पाच बिया आपल्याला ठेवल्या, आणि बाकीचं नगराला वाटलं.

आणि वाटी? ती ठकूकडून मथुरेकडे गेली, मथुरेकडून ठकूकडे आली, तिथून तिसरीकडे गेली, चौथीकडे गेली. इतकी फिरली, इतकी फिरली, की ती मुळात कुणाची, हे आज नगरात कुणालाच सांगता येत नाही.

परसाई, जशी मथुरेला पावलीस, तशी या बसल्या बायकांना पाव. त्यांच्या परसाला ओल दे, वेलाला फळ दे, शेजाराला माया दे. माझ्या दोडक्याला यंदा किडीपासून राख, तेवढं विसरू नकोस. साठ घरांची भाजी एका हंड्यात शिजली, साठा उत्तरांची कहाणी पाचा बियांत मावली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.

वाहा अक्षता. आता द्रोण घ्या. आणि शेवंते, डबे आणशील तेव्हा काय करायचं, ते आता मी वेगळं सांगत नाही.