भागाईची घोडी आणि पाटलाची पसंती

फार फार मागे, डोंगरात रस्ते नव्हते आणि वाटा माणसांपेक्षा जनावरांनाच जास्त ठाऊक होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भागाई नावाची सुईण राहायची. घाटावर सात वाड्या होत्या. कुठल्याही वाडीत बाई अडली की निरोप यायचा आणि भागाई गावाच्या घोडीवर बसून निघायची. घोडीचं नाव पारवी. दिसायला काही खास नव्हती, पण कड्याच्या कडेची हातभर वाट ती अंगणातून चालावं तशी चालायची. भागाई झोपडीत शिरली की पारवी दाराशी उभी. मग आत बाई कितीही ओरडो, बाहेर वीज कडाडो, ती हलायची नाही.

एका साली त्या देशाची राणी घाटातून जात असताना तिला वाटेतच कळा सुरू झाल्या. भागाई पारवीवरून धावून गेली आणि राणीची सुखरूप सुटका केली. राजा म्हणाला, "आई, हवं ते माग."

भागाई म्हणाली, "महाराज, आमच्या गावाची घोडी चौदा वर्षांची झाली. तिला एक शिंगरू झालं तर पुढची सोय होईल. आमच्या भागात धड घोडा नाही. तुमच्या पागेतला एक घोडा तिला एकदा दाखवू द्या."

"एवढंच?" राजा हसला. "पागेत साठ घोडे आहेत. हवा तो निवडा."

आणि इथेच घोळ झाला. राजा 'निवडा' म्हणाला ते आपल्यालाच, असं गावचा पाटील धरून चालला.

चैत्रात पारवी माजावर आली. पाटील, जोशीबुवा आणि भागाई तिला घेऊन राजधानीला गेले. भागाईनं अर्ध्या दिवसात घोडा हेरला. तांबूस, बुटका, रुंद छातीचा. किल्ल्यावर पाण्याच्या पखाली वाहायचा. तिनं त्याचे खूर उचलून पाहिले, कानाशी पितळी भांडं आपटून पाहिलं. घोड्यानं नुसतं वळून बघितलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

"हाच," भागाई म्हणाली.

पाटलाचा चेहरा उतरला. "पखालीचा घोडा? अगं, साठांतून निवडायचाय! लोक हसतील आपल्याला."

"हसू देत की. हसणारे काय घाट चढणार आहेत?"

"तू गप गं. तुला घोड्यातलं काय कळतं?"

वीस वर्षं घोड्याच्या पाठीवर काढलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं!

मग पाटलाची निवड सुरू झाली. एका काळ्या घोड्याच्या मानेवर भोवरा होता, जोशीबुवा म्हणाले, अशुभ. एक ठिपक्यांचा घोडा सगळ्यांना आवडला, पण तसाच पाटलाच्या मेव्हण्याकडे होता, म्हणून नको. एकाची शेपूट आखूड होती, जणू शेपटीवर बसून कुणी वाडीला जाणार होतं. सहा दिवस असे गेले. पारवीचा माज उतरला आणि मंडळी हात हलवत परत आली.

वैशाखात पुन्हा तेच. ज्येष्ठात मुहूर्त नव्हता. आषाढात पाटील म्हणाला, गावाला विचारू. गावानं सतरा मतं दिली आणि सतराही जणांनी घाट कधी घोड्यावरून चढलेला नव्हता.

भागाईनं कपाळाला हात लावला. "अहो पाटील, घोडी म्हातारी होतेय. गावाचं एकमत होईतो तिचा माज थांबत नाही."

"गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, भागाई."

"मग अब्रूवर बसून जाऊ का मी वाडीला?"

अखेर श्रावणात पाटलानं घोडा पसंत केला. दुधासारखा पांढरा, मान धनुष्यासारखी. मिरवणुकीत ढोल वाजला की दोन पायांवर उभा राहून नाचायचा. पागेतला म्हातारा मोतद्दार, ज्यानं जन्मभर घोड्यांची निगा राखली होती, तो म्हणाला, "पाटील, देखणा आहे, पण बुजरा आहे. पान हललं तरी उधळतो. मिरवणुकीत त्याला चौघं धरतात, ते उगीच नाही."

भागाईनं त्याला हाताला धरून पाटलासमोर उभं केलं. "सांगा यांना. पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. पाटलानं पुन्हा ऐकलं आणि ठरवलं होतं तेच केलं.

अकरा महिन्यांनी पारवीला शिंगरू झालं. पांढरं शुभ्र! पाटलानं गावभर साखर वाटली. लांबलांबून लोक बघायला आले. भागाईनं शिंगराच्या पाठीवर हात ठेवला, तर ते दचकून आईच्या पोटाखाली शिरलं. ती पारवीला चारा घालायला वळली. बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं.

पारवी पुन्हा गाभण राहिली नाही. पाचव्या वर्षी थंडीत ती गेली. तोवर शिंगराचा घोडा झाला होता. भागाईनं त्या पांढऱ्या घोड्याला शिकवायला जिवाचं रान केलं. गावात तो शहाण्यासारखा चालायचा. कड्याच्या वाटेवर मात्र त्याचं अंग थरथरायचं.

एके सकाळी सगळ्यात वरच्या वाडीतून माणूस धावत आला. तिथे पाटलाचीच लेक दिली होती. तिच्या कळा थांबल्या होत्या आणि मूल आडवं होतं. भागाई त्याच पांढऱ्या घोड्यावर बसून निघाली. दुसरा होता कुठे?

कड्यापाशी झाडावरून एका वानरानं उडी मारली. घोडा दोन पायांवर उभा राहिला. भागाई डोंगराच्या बाजूला पडली म्हणून वाचली, पण तिचा गुडघा मोडला. घोडा मोकळ्या पाठीनं गावात परतला.

तो दिसताच पाटील घाटाकडे धावत सुटला. वर पाहतो तर काय, भागाई काठी टेकत, पाय फरफटत चढत होती. तो तिच्यापुढे पाठ करून खाली बसला.

"बस, भागाई."

ती बसली. उरलेला घाट पाटील तिला पाठीवर घेऊन चढला. ऊर फुटेतो चढला. मागून भागाई वैतागून सांगत होती, "डावीकडून. अहो, डावीकडून! खडीवर पाय देऊ नका."

बऱ्याच वेळानं झोपडीचं दार उघडलं. भागाई उंबऱ्याला धरून उभी होती.

"लेक वाचली. मूल नाही वाचलं," ती म्हणाली. "घटकाभर आधी आले असते तर..."

पाटलानं डोक्यावरचं पागोटं काढून उंबऱ्यापाशी ठेवलं.

भागाईचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. नंतर वाड्यांकडून निरोप आला की गावचे चार गडी तिला डोलीत घालून न्यायचे आणि पहिला खांदा पाटील द्यायचा. पण डोलीला वेळ दुप्पट लागायचा आणि अडलेल्या बाईपाशी तेवढा वेळ नसायचा.

बोध: ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याची निवड ते काम घेणाऱ्याला विचारून करावी, बघ्यांना विचारून करू नये.