पाठचा भाऊ

“...आणि ‘पाठ’ या एका शब्दाची किती रूपं सांगू, बुवा?”

अवधूतबुवा मठाच्या विहिरीपाशी आंघोळीला बसले होते. पुढ्यात घंगाळभर ऊन पाणी.

“सांग.”

काशीहून शब्दशास्त्र शिकून आलेला विश्वंभर उभ्या उभ्याच सुरू झाला. “धडा तोही पाठ आणि अंगाची मागची बाजू तीही पाठ. श्लोक पाठ करतात. पाठ थोपटतात, पाठ राखतात, पाठ फिरवतात. शेजारचं क्रियापद बदललं की...”

“घरी कोण असतं तुझ्या?”

विश्वंभर अडखळला. “पाठचा भाऊ होता. चिंतू.”

“होता?”

...

वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा चिंतूने काशीयात्रेला निघालेल्या एकाबरोबर निरोप धाडला होता : दादा, एकदा येऊन जा. विश्वंभरचा ग्रंथ अर्ध्यावर होता. तो गेला नाही. चिंतूने एकट्याने वडिलांचं सगळं केलं, एकट्यानेच अग्नी दिला आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने तोही गेला. विश्वंभर परतला तो दाराला कुलूप.

शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “शेवटपर्यंत घोकत होता रे, दादा निघाला असेल.”

“रडलास?” बुवांनी विचारलं.

“नाही.” विश्वंभरने मान खाली घातली. “काकू बोलत होत्या आणि माझ्या मनात आलं... धाकट्याला ‘पाठचा’ का म्हणत असतील?”

बुवा वळून त्याच्याकडे पाठ करून बसले.

“माझा हात पोचत नाही तिथवर. चोळ जरा.”

विश्वंभरने बाह्या सारल्या. गडूभर पाणी ओतून तो चोळू लागला. सुरकुतलेली, थंडीने शहारलेली पाठ.

चिंतू लहानपणी आंघोळीला भारी रडायचा. आई नव्हती. विश्वंभरच त्याला गुडघ्यांत धरून घासायचा. इवलीशी पाठ, असाच काटा यायचा तिच्यावर. “दादा, हळू ना...”

हात थांबला.

बराच वेळ विहिरीवर नुसता हुंदक्यांचा आवाज होता. बुवा ओल्या अंगाने कुडकुडत तसेच बसून राहिले.

“बुवा...” विश्वंभर कसाबसा म्हणाला, “एकदा माझ्याकडे वळून बघा.”

“नको. तोंड दिसलं की तू बोलायला लागशील.”